पडद्यामागचे देव : चांगीहून जपानच्या देवळांकडे

सिंगापूरच्या पूर्व टोकाला, विमानतळाच्या एकच स्थानक अलीकडे, एक्स्पो स्थानकाला लागून चांगी बिझनेस पार्क वसलेले आहे. जेटीसी या सरकारी महामंडळाने १९९७ पासून विकसित केलेल्या या वसाहतीत बँकांची तंत्रज्ञान केंद्रे आणि सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये आहेत, आणि त्यांत महाराष्ट्रातून आलेली बरीच माणसे नोकरीला असून त्यांची बिऱ्हाडे सिमेई, तांपिनीस, बेडोक अशा जवळपासच्या वस्त्यांत आहेत. येथून टोकियो विमानाने सुमारे सात तासांवर असल्यामुळे जून किंवा डिसेंबरच्या शालेय सुट्टीत जपानला जाण्याचा बेत या कुटुंबांत सहज ठरतो. व्हिसा, रेल्वेचा पास, हॉटेल आणि शाकाहारी जेवण यांची चौकशी महिनोन् महिने आधी होते. परंतु ज्या देवळांसाठी आणि संग्रहालयांसाठी एवढा प्रवास करायचा, तेथे नेमके काय पाहायला मिळते आणि काय मिळत नाही, याचा विचार क्वचितच होतो. मराठी माणूस देवळात जातो तो दर्शनाला, आणि दर्शन म्हणजे देवाचे मुख डोळ्यांनी पाहणे. जपानमधील अनेक मोठ्या देवस्थानांत मात्र देव डोळ्यांना दिसतच नाही. हा फरक आधी समजून घेतला नाही, तर दहा देवळे पाहूनही काही न पाहिल्यासारखे वाटण्याचा संभव असतो.

जपानमधील पूजास्थानांचे मुख्य प्रकार दोन. शिंतो धर्माच्या स्थानाला ‘जिंजा’ म्हणतात. शिंतो हा त्या भूमीचा मूळ धर्म असून ‘कामी’ म्हणजे पर्वत, वृक्ष, पूर्वज, धान्य यांत वास करणाऱ्या दैवी शक्ती ही त्याची दैवते होत. बौद्ध मंदिराला ‘तेरा’ किंवा नावाच्या शेवटी ‘जी’ म्हणतात, आणि बौद्ध धर्म तेथे सहाव्या शतकात कोरियामार्गे पोहोचला. पुढे हजारभर वर्षांहून अधिक काळ ही दोन्ही दैवते एकाच आवारात सुखाने नांदत होती. १८६८ नंतर मेइजी सरकारने हुकूम काढून त्यांची फारकत केली, आणि त्या काळात असंख्य बौद्ध मूर्ती फुटल्या, जळल्या वा विकल्या गेल्या. आजही बौद्ध मंदिराच्या कोपऱ्यात एखादे छोटे शिंतो देवघर आढळते ते त्या जुन्या एकत्रपणाची खूण म्हणून.

जिंजाच्या वाटेवर ‘तोरी’ नावाचे दोन खांबांचे प्रवेशद्वार उभे असते. तेथे किंचित वाकून आत जावे आणि वाटेच्या कडेने चालावे, कारण मधली वाट देवाची मानली जाते. इसेच्या महास्थानात तर आतल्या देवळाकडे जाताना उजव्या आणि बाहेरच्या देवळाकडे जाताना डाव्या बाजूने चालण्याची शिस्त आहे. पुढे पाण्याचे दगडी पात्र आणि त्यावर आडव्या ठेवलेल्या लांब दांड्याच्या पळ्या दिसतात. पळी उजव्या हातात धरून आधी डावा हात धुवावा, मग पळी बदलून उजवा. पुन्हा उजव्या हाती घेऊन डाव्या तळव्यात पाणी ओतावे आणि त्याने चूळ भरावी, पळीला तोंड मात्र लावू नये. डावा हात परत धुवावा आणि शेवटी पळी उभी धरून उरलेले पाणी दांड्यावरून ओघळू द्यावे, म्हणजे पुढच्या माणसासाठी दांडा स्वच्छ होतो. हे सगळे एका पळीभर पाण्यात बसवण्याची रीत आहे. देवासमोर दानपेटीत नाणे टाकून दोनदा कमरेत वाकावे, दोनदा टाळी वाजवावी, हात जोडावेत आणि एकदा पुन्हा वाकावे. इझुमोच्या देवस्थानात टाळ्या चार. बौद्ध मंदिरात टाळी वाजवायची नाही, नुसते हात जोडायचे. या गोष्टी परक्या माणसाने केल्याच पाहिजेत असा कोणाचा आग्रह नसतो. पण पाय धुऊन देवळात शिरणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलांना त्या समजावून सांगायला फार वेळ लागत नाही, आणि त्या केल्याने आवारातले वावरणे बदलते.

असेच एक दगडी पात्र सिंगापूरमध्येही आहे, आणि त्याची हकिकत चांगीत राहणाऱ्यांनी जाणून घ्यावी अशी आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, जपान्यांनी त्याचे नाव ‘श्योनान’ ठेवले, आणि मॅकरिची जलाशयाच्या रानात ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांना राबवून ‘श्योनान जिंजा’ हे शिंतो देवस्थान उभारले. १९४५ मध्ये शरणागतीची वेळ आली तेव्हा शत्रूच्या हाती विटंबना होऊ नये म्हणून जपान्यांनीच ते नष्ट केले. आता त्या गर्द रानात काही पायऱ्या आणि हात धुण्याचे ग्रॅनाइटचे पात्र एवढेच उरले आहे. २००२ मध्ये त्याची ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंद झाली, पण तेथे नेणारी अधिकृत पायवाट नाही. ज्या कैद्यांनी हे काम केले त्यांच्या बंदिवासाचे स्मरण चांगी चॅपल अँड म्युझियम या संग्रहालयात आहे आणि ते बिझनेस पार्कपासून मोटारीने काही मिनिटांवर आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सुमारे ५०,००० ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांना चांगीच्या बराकींत आणले गेले; त्यांनी बंदिवासात उभारलेल्या प्रार्थनाघरांची आठवण म्हणून बांधलेले साधे चॅपल संग्रहालयाच्या अंगणात आहे. हौगांगजवळच्या चुआन हो अ‍ॅव्हेन्यूवरील जपानी दफनभूमी तर आणखी जुनी, १८९१ पासूनची. तेथील ९१० थडग्यांत सैनिक आहेत, व्यापारी आहेत, आणि क्यूशू बेटातल्या गरीब गावांतून वेश्याव्यवसायासाठी आणलेल्या ‘करायुकी-सान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलीही आहेत. त्यांच्यापैकी कित्येकींच्या वाट्याला गुडघाभर उंचीचा दगड तेवढा आला आहे.

या स्थळांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. १८६८ ते १९४५ या काळात जिंजा हे श्रद्धेइतकेच सत्तेचेही साधन होते, आणि डिसेंबर १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या आदेशाने शिंतोचा राज्याशी असलेला संबंध तोडण्यात आला. टोकियोतल्या यासुकुनी जिंजात सुमारे २४.६ लाख युद्धमृतांचे आत्मे पूजले जातात. १९७८ मध्ये त्यांत प्रमुख युद्धगुन्हेगार म्हणून खटला चाललेल्या चौदा नेत्यांची भर घातली गेली, आणि तेव्हापासून तेथे जाणे-न जाणे हा पूर्व आशियातला राजकीय प्रश्न झाला. त्याच आवारात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचे स्मारक आहे, कारण युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमत त्यांनी दिले होते. भारतीय प्रवासी ते पाहून सुखावतो. त्याने बाजूच्या युद्धसंग्रहालयातील मांडणी पाहताना चांगीचे संग्रहालयही आठवावे, म्हणजे एकाच युद्धाविषयी कोण काय सांगतो आणि काय सांगत नाही हे त्याला दिसेल. याच शहरातल्या सुगिनामी भागात रेन्कोजी नावाचे लहानसे बौद्ध मंदिर आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी सप्टेंबर १९४५ पासून तेथे जतन केल्या आहेत आणि दरवर्षी १८ ऑगस्टला तेथे स्मरणविधी होतो. १९४३ च्या जुलैत नेताजींनी आझाद हिंद सेनेची सूत्रे हाती घेतली ती सिंगापूरमध्येच. त्यामुळे सिंगापूरहून जाणाऱ्या कुटुंबाने या मंदिरासाठी एक सकाळ राखून ठेवावी.

आता न दिसणाऱ्या देवाकडे वळता येईल. इसेच्या महास्थानात सूर्यदेवी अमातेरासूचा वास एका पवित्र आरशात मानला जातो, पण तो आरसा भाविकांना कधीच दिसत नाही. चार कुंपणांच्या आत असलेले देऊळही दिसत नाही, दिसतो तो दारावरचा पांढरा पडदा आणि वाऱ्याने तो हलला तर आतले अंगण. हे देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडात जसेच्या तसे पुन्हा बांधतात. बासष्टावे पुनर्निर्माण २०१३ मध्ये झाले आणि पुढचे २०३३ मध्ये होईल. प्राचीनता दगडात नसून सुताराच्या हातात जपायची असते, हा विचार हेमाडपंती देवळांच्या मुलखातल्या माणसाला थोडा अवघड जातो. बौद्ध मंदिरांतही तीच तऱ्हा. टोकियोच्या असाकुसा भागातील सेन्सोजी हे बहुधा प्रत्येक पर्यटकाचे पहिले देऊळ; इ.स. ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात नदीतून आलेली कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, मूर्ती हे त्याचे मूळ दैवत अशी कथा आहे, आणि ही मूर्ती कोणालाही दाखवली जात नाही. अशा झाकलेल्या मूर्तींना ‘हिबुत्सू’ म्हणतात. नागानोच्या झेन्कोजी मंदिरात मूळ मूर्ती कायमची बंद आहे; तिच्याऐवजी घडवलेली दुसरी मूर्ती, आपल्याकडच्या उत्सवमूर्तीसारखी, दर सहा वर्षांनी काही आठवडे बाहेर येते, ती आता २०२७ मध्ये येईल. एरवी भाविक गाभाऱ्याखालच्या मिट्ट काळोखाच्या भुयारात उतरतात, भिंतीवर हात टेकून चाचपडत पुढे सरकतात आणि मूळ मूर्तीच्या बरोबर खाली टांगलेल्या कुलपाला हात लावून वर येतात. डोळ्यांना नाकारलेले दर्शन तेथे बोटांना मिळते.

नारानजीकच्या होर्यूजी मंदिरात अशी झाकलेली मूर्ती उघडल्याचा प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. तेथील अष्टकोनी सभागृहातली कान्नोनची लाकडी मूर्ती शतकानुशतके कापडात गुंडाळलेली होती. १८८४ मध्ये अमेरिकन कलाभ्यासक अर्नेस्ट फेनोलोसा आणि त्यांचे शिष्य ओकाकुरा यांनी सरकारी अधिकाराने ते दार उघडायला लावले, तेव्हा भूकंप होईल या भीतीने भिक्षू दूर निघून गेले. शेकडो मीटर कापड उलगडल्यावर जी मूर्ती बाहेर आली तिच्यावरचा सोन्याचा मुलामा जवळजवळ ताजा होता. झाकून ठेवल्यामुळेच ती टिकली होती. आज ती वसंतात आणि शरदात ठरावीक दिवस खुली असते. शेंदराचे थर, दुधातुपाचे अभिषेक आणि हजारो हातांचे स्पर्श यांनी झिजलेल्या मूर्ती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी या दुसऱ्या मार्गाचाही आदराने विचार करावा.

मराठी वाचकाला सर्वांत चकित करणारा झाकलेला देव म्हणजे गणपती. बौद्ध तंत्रग्रंथांबरोबर तो चीनमार्गे जपानला गेला आणि ‘कांगितेन’ किंवा ‘शोतेन’ या नावाने स्थिरावला. त्याचे नेहमीचे रूप म्हणजे एकमेकांना आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी आकृती, आणि ते इतके गूढ मानले जाते की भाविकांना ते दाखवत नाहीत. सेन्सोजीपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, सुमिदा नदीच्या काठच्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे त्याचे देऊळ आहे. तेथे हत्तीचे चित्र शोधायला गेलेल्या माणसाला जिकडेतिकडे मुळे दिसतात: दगडी पायऱ्यांच्या बाजूला कोरलेले, कंदिलांवर रंगवलेले, देवापुढे रचून ठेवलेले पांढरे सतेज मुळे, आणि त्यांच्या जोडीला कोरलेली पैशांची थैली. मुळा ही घरातल्या सलोख्याची खूण आणि थैली भरभराटीची. भाविक आवारातच मुळा विकत घेऊन वाहतात, आणि ७ जानेवारीच्या उत्सवात शिजवलेला मुळा प्रसादासारखा वाटतात. भारतातल्या जुन्या गणेशमूर्तींच्या हातातही मुळा असे. आपल्याकडे तो मागे पडला, तिकडे उरला.

मोदकही तिकडे उरला आहे. क्योतोच्या गिओन भागात १६१७ मध्ये स्थापन झालेले कामेया कियोनागा हे मिठाईचे दुकान ‘सेइजो कांकिदान’ नावाचा पदार्थ बनवते: पिठाच्या पारीत गोड लाल चवळीचे सारण, त्यात लवंग-दालचिनीसारखी सात सुगंधी द्रव्ये, वर चुण्या घालून थैलीसारखे बांधलेले तोंड, आणि मग तिळाच्या तेलात तळण. बाहेरची पारी चांगलीच टणक असते, थोडी गरम करून खाल्ली तर वास अधिक खुलतो. तळणीचे मोदक करणाऱ्या घरात त्याची निराळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

भारतातून गेलेले इतर काही देव मात्र उघडे भेटतात. टोकियोच्या उएनो उद्यानातल्या तळ्याच्या मध्यावर बेन्झाइतेनचे देऊळ आहे. ही सरस्वती, तिच्या हाती वीणेऐवजी ‘बिवा’ हे जपानी तंतुवाद्य, आणि बिवा सरोवर, एनोशिमा, मियाजिमा अशी तिची मोठी ठाणीही पाण्यापाशीच. क्योतोच्या तोजी मंदिरात हत्तीवर बसलेला ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, आणि हंसांवर बसलेला चतुर्मुख बोन्तेन म्हणजे ब्रह्मदेव. वेळ थोडा असेल तर बाकी सगळे सोडून सानजूसानगेन्दो पाहावे. १२६६ मध्ये पुन्हा बांधलेल्या या १२० मीटर लांबीच्या लाकडी दालनात सहस्रबाहू कान्नोनच्या एक हजार उभ्या आणि मध्यभागी एक बैठी अशा १,००१ मूर्ती ओळीने आहेत, आणि त्यांच्या पुढे रक्षक म्हणून अठ्ठावीस देवगण. त्यांत चोचीशी बासरी धरलेला गरुड आहे, आणि काठी टेकून वाकलेला, बरगड्या मोजता येतील असा वसु ऋषी आहे. त्याच्या म्हातारपणात एवढी करुणा आहे की तेथून पाय निघत नाही. पादत्राणे काढून, थंड लाकडी फरशीवरून मोज्यांनी चालत हे पाहायचे असते, आणि छायाचित्र घेण्यास बंदी आहे, हे उत्तमच.

या दालनासमोर रस्त्याच्या पलीकडेच क्योतोचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. देऊळ जे झाकते ते जपानमध्ये पुष्कळदा संग्रहालय दाखवते. अनेक मंदिरे आपल्या मूर्ती आणि चित्रे जतनासाठी संग्रहालयांकडे सोपवतात, आणि तेथे हातभर अंतरावरून, नीट प्रकाशात, मागूनही मूर्ती पाहता येते. नारातले उदाहरण घ्या: तेथल्या तोदाइजी मंदिरातल्या सुमारे १५ मीटर उंचीच्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन इ.स. ७५२ मध्ये झाले, आणि डोळे रेखण्याचा मान भारतातून आलेल्या बोधिसेन या भिक्षूला मिळाला. त्याच्या कुंचल्याला बांधलेली लांब निळी दोरी खाली जमलेल्या लोकांनी हातात धरली होती, म्हणजे डोळे रेखण्याचे पुण्य सर्वांना लाभावे. तो कुंचला आणि ती दोरी शोसोइन या राजभांडारात आजही आहेत. भांडार कोणाला खुले नसते. पण दर शरदात नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यातल्या थोड्या वस्तू सुमारे पंधरा दिवस मांडतात. कागद आणि रेशीम उजेडाने खराब होतात म्हणून जपानी संग्रहालये चित्रे काही आठवड्यांनी बदलतात. पुस्तकात पाहिलेले चित्र भिंतीवर नसणे हे तेथे नेहमीचेच.

एवढी काळजी कोठून आली याचे एक उत्तर अजिंठ्याशी जोडलेले आहे. होर्यूजीच्या सुवर्णसभागृहातील भित्तिचित्रांचे अजिंठ्याच्या चित्रांशी असलेले नाते अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखले होते. आराई काम्पो या चित्रकाराने पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात येऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि पुढे १९४० मध्ये होर्यूजीच्या भिंतींच्या प्रतिकृती करण्याचे काम निघाले तेव्हा तेही त्यात होते. ते काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी सभागृहाला आग लागली आणि मूळ चित्रे करपली. या धक्क्यातून १९५० मध्ये सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी हा दिवस जपानभर मंदिरांत आणि संग्रहालयांत आग विझवण्याच्या सरावाचा दिवस म्हणून पाळला जातो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी अजून भिंतीवर आहे, हे जपान पाहून आलेल्या मराठी माणसाला अधिक तीव्रतेने कळायला हवे.

महाराष्ट्राशी थेट नाते सांगणारे स्थळ म्हणजे वाकायामा प्रांतातले कोयासान. कूकाई या भिक्षूने ८१६ मध्ये स्थापन केलेल्या या डोंगरावरच्या नगरीत पन्नासच्या आसपास मंदिरे प्रवाशांना मुक्कामाला घेतात. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात २०१३ मध्ये सहकार्याचा करार झाला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ओकुनोइन या देवदारांच्या रानातल्या स्मशानभूमीत दोन लाखांहून अधिक समाधी आहेत, आणि पाच निरनिराळे आकार एकावर एक रचलेल्या दगडी स्तंभांवर ‘सिद्धम्’ या भारतीय लिपीतली बीजाक्षरे कोरलेली दिसतात. मंदिरातले जेवण ‘शोजिन र्‍योरी’ पद्धतीचे, म्हणजे मांस-मासळीच नव्हे तर कांदा-लसूणही वर्ज्य; चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या आजी-आजोबांनाही ते निःशंकपणे देता येते. बाहेरच्या उपाहारगृहात मात्र भाजीच्या आमटीतही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, तेव्हा तेथे स्पष्ट विचारावे.

थोड्या दिवसांत पुष्कळ देवळे उरकण्याचा हव्यास सोडावा. दिवसाला एक देऊळ आणि एक संग्रहालय पुरेसे आहे. राष्ट्रीय संग्रहालये साधारणतः सोमवारी बंद असतात आणि सोमवारी सार्वजनिक सुट्टी आल्यास मंगळवारी, शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा तास आधी मिळतो. झाकलेल्या मूर्ती ज्या दिवसांत खुल्या होतात त्यांच्या तारखा मंदिरे पुष्कळ आधी जाहीर करतात. विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी त्या तारखा पाहाव्यात आणि मगच सुट्टीचा अर्ज करावा.